सिग्नलला बंद पडणारी मोटारसायकल

सोलापुरातील सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थरथरत बंद पडत असेल, तर लगेच आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन संथ चालू ठेवणारा, स्क्रू पिळून वेग वाढवू नये. त्याने दोष केवळ झाकला जातो. गाडी थंड असताना बंद पडते, की दहा-पंधरा किलोमीटर चालून तापल्यावर, हे आधी दोन दिवस टिपून ठेवावे. बराच वेळ चालल्यानंतर बंद पडलेली गाडी पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येऊन पुन्हा नीट सुरू होत असेल, तर झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजलेले असण्याचा संभव मोठा असतो आणि त्यावर एक पैसाही खर्च न करता उपाय होतो.

सोलापूरच्या धुळीत एअर फिल्टर मात्र पुस्तिकेत दिलेल्या मुदतीची वाट न पाहता तपासावा. स्पार्क प्लग काजळीने काळा झाला असल्यास पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, पांढुरका दिसल्यास हवा जास्त आहे, असे सामान्यतः समजावे. कार्बुरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि इंजिन यांना जोडणारे रबर उन्हाने तडकले असेल तर तेथून जादा हवा शिरते. आयडलिंगला पेट्रोल पुरवणारा पायलट जेट हा कार्बुरेटरमधील बारीक छिद्राचा भाग गाडी महिनाभर उभी राहिल्यास तुंबू शकतो. तो कार्बुरेटर क्लीनर व हवेच्या दाबाने साफ करावा, तार घालू नये, कारण त्याचे छिद्र तारेने मोठे होऊ शकते. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बुरेटरच नसल्याने तेथे थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ करून घ्यावी.