जुन्या गाडीचं इंजिन ठोकतंय? आधी आवाज ओळखा

इंजिनातून टक‌टक ऐकू आली की लगेच गॅरेजला इंजिन उघडायला देऊ नका. पहिलं काम म्हणजे सपाट जागी, गाडी बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल पाहणं. पातळी कमी असेल तर ते भरेपर्यंत गाडी चालवूच नका.

मग आवाज कधी येतो ते पाहा. सकाळी थंड इंजिनात बारीक टिकटिक आणि गरम झाल्यावर शांत, तर संशय टॅपेटवर (इंजिनाच्या झडपा उघडणारा भाग). मुंबईत केम्प्स कॉर्नरहून मलबार हिलचा चढ वरच्या गिअरमध्ये चढताना खडखड होत असेल, तर ते पिंगिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नको त्या वेळी पेटणं: कार्बन साचलाय किंवा ठिणगीचं टायमिंग पुढे सरकलंय. जास्त ऑक्टेनचं (असं वेळेआधी न पेटणारं) पेट्रोल भरून फरक पडतो का बघा. पडला तर निदान जवळपास पक्कं.

इंजिन गरम झाल्यावर खोलवरून जड ठोका येतो, रेसबरोबर वाढतो? मेकॅनिकला एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचं (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचं) कनेक्टर काढून बघायला सांगा. ज्याला आवाज दबतो, त्याचं बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं) गेलेलं असण्याची शक्यता जास्त. अशी गाडी टो करूनच न्या, हायवेवर तर अजिबात काढू नका.

आणि हो, सायलेन्सरवरचा सैल पत्राही हुबेहूब असाच वाजतो.