व्हरमाँटच्या तलावात वेकबोट उतरवण्यापूर्वी

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात १५ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, वेकबोटीच्या, म्हणजे मागे मोठी लाट उठवण्यासाठी बनवलेल्या मोटरबोटीच्या, टाक्यांत पाणी भरून मुद्दाम मोठी लाट उठवणे आणि त्या लाटेवर सर्फिंग करणे हे केवळ ठरवून दिलेल्या क्षेत्रातच करता येते. म्हणून प्रथम तलावाचा नकाशा पाहावा. हे क्षेत्र किनाऱ्यापासून सर्व बाजूंनी किमान ५०० फूट दूर, किमान २० फूट खोल, किमान २०० फूट रुंद आणि सलग किमान ५० एकरांचे असावे लागते; त्यामुळे लहान तलाव आपोआपच बाद होतात. क्षेत्राबाहेर बोट साधेपणाने चालवता येते, मात्र लाट वाढवणारी यंत्रणा बंद ठेवावी लागते.

त्यानंतर वर्षभरासाठी एकच ‘गृहतलाव’ निवडून त्याचे चिन्हपत्र (स्टिकर) बोटीवर लावावे. दुसऱ्या तलावात जायचे असल्यास, आणि पुन्हा गृहतलावात परतण्यापूर्वीही, मान्यताप्राप्त ठिकाणी बोटीचे निर्जंतुकीकरण करून घ्यावे लागते. ही अट जाचक वाटेल, परंतु टाक्या पूर्ण रिकाम्या होत नाहीत आणि तळाशी उरलेल्या पाण्यातून परक्या वनस्पती व शिंपले सहज पसरतात.