घरातली जुनी रोजनिशी अभिलेखागारात देण्याआधी

माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या वह्या सापडल्या की घरात आधी साफसफाई सुरू होते. टाचण्या उपटल्या जातात, पानांतले चिठोरे फेकले जातात, फाटक्या वह्या रद्दीत जातात आणि उरलेल्या उन्हात पडतात. यातली प्रत्येक गोष्ट नुकसान करते. पहिल्या दिवशी एवढंच करा: ट्रंक उघडल्याबरोबर आहे तशी तिचे फोटो काढा, आणि वह्या कोणत्या क्रमाने रचल्या होत्या ते कागदावर उतरवा. लिहिणाऱ्याने लावलेला क्रम एकदा मोडला की तो कोणालाच परत लावता येत नाही.

रोजनिशी म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीची डायरीच असं समजू नका. शेतकऱ्याने पेरणी-पावसाची लिहिलेली टिपणं, दुधाचा हिशेब मांडलेलं कॅलेंडर, किराण्याची वही हेही याच जातीचं लेखन. बायकांचं लेखन तर बऱ्याचदा खर्चाच्या वहीतच दडलेलं असतं: एका बाजूला तेल-मीठ-साखर, आणि कडेला बारीक अक्षरात ‘धाकट्याला ताप, रात्रभर जागले’. अशी वही ‘नुसता हिशेब’ म्हणून बाजूला काढली तर त्या घरातल्या बाईचा एकमेव लिखित आवाज जातो.

वह्या घरात घेण्याआधी कीड पाहा. पानांवर वरवर खरवडल्यासारखे पातळ डाग म्हणजे कसर, मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. कसर असलेली वही पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा काढा, पिशवी चिकटपट्टीने पक्की बंद करा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि शाई फुटते. बुरशीवर मात्र हा उपाय नाही, थंडीने ती फक्त निजते. बुरशी असेल तर वही सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्याजवळ पूर्ण वाळू द्या. मग एन-९५ मुखपट्टी लावून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने बांधणीकडून कडेकडे झटका. ओलं फडकं लावू नका. जुनी निळी-जांभळी शाई पाण्याने पसरते, आणि हिराकस घालून केलेल्या काळ्या शाईतलं लोह ओलाव्याने कागद आणखी खातं. अक्षरांभोवती तपकिरी कडा दिसत असतील, रेघांवर कागद तडकत असेल, तर ती हीच शाई. ती पानं कमीत कमी हाताळा.

डांबरगोळ्या कागदात घालू नका. त्यांची वाफ माणसालाही बाधते आणि बुरशी तिला जुमानत नाही. कडुनिंबाचा पाला हवाच असेल तर फडक्यात बांधून कपाटाच्या तळाशी ठेवा, पानांत वाळला तर डाग पडतात.

गंजलेल्या टाचण्या ओढू नका. खालून प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, टोकं सरळ करा, मग वर उचला. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन त्याहून वाईट: ते काढता येत नाही, आणि गरम दाबात शाईही बिघडते. पानांमध्ये सापडलेली बसची तिकिटं, रेशनच्या पावत्या, पिंपळाचं पान, काहीच टाकू नका. ज्या दोन पानांमध्ये वस्तू होती त्यांचे आकडे कागदी पाकिटावर लिहून वस्तू त्यात ठेवा. त्यासाठी आधी पानांना क्रमांक लागतात. ते मऊ पेन्सिलीने, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने घाला. बॉलपेन नको.

फोटो काढताना वही सपाट दाबू नका. साधारण ९० अंशांत उघडून मागे टॉवेलची घडी द्या. ए-५ आकाराचं एक पान इंचाला ४०० ठिपक्यांनी हवं असेल तर साधारण पावणेआठ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा फोन पुरतो. पण एका फोटोत दोन पानं घेतली तर तोच फोन अपुरा पडतो. फोनमधल्या स्कॅनच्या ॲपची काळी-पांढरी सोय बंद ठेवा, ती पेन्सिलीचं लेखन आणि उडालेली शाई पुसून टाकते. रंगीत फोटो काढा. पेन्सिलीची अक्षरं दिसत नसतील तर दिवा एका बाजूने, तिरका धरा. फाइलींना आधी वहीचा आणि मग पानाचा आकडा द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, प्रत आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती ठेवा, एक तरी दुसऱ्या गावी.

सर्वांत जास्त वेळ तारखांवर जातो, आणि जायलाच हवा. शके दिलं असेल तर गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणून १५ ऑगस्ट १९४७ हेही शके १८६९ आणि ३० जानेवारी १९४८ हेही शके १८६९. पुष्कळांची इथेच एका वर्षाची चूक होते. छापील डायरीवरच्या सालावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कचेरीत उरलेली कोरी डायरी पुढच्या एखाद्या वर्षी वापरण्याची रीत घरोघर होती. छापील वार खोडलेला दिसला की सावध व्हा. १९५८च्या डायरीत पानशेतचा पूर आला तर ते पान १२ जुलै १९६१ नंतरचं, कोयनेचा मोठा भूकंप आला तर ११ डिसेंबर १९६७ नंतरचं. साल कुठेच नसेल तर पैसे पाहा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. ‘नवे पैसे’ दिसले तर वही त्यानंतरची. आण्यांवरून मात्र लगेच निकाल लावू नका, बोलण्यात आणि हिशेबात आणे पुढेही रेंगाळले. मिळवलेली तारीख वहीत लिहू नका, वेगळ्या यादीत लिहा, आणि अंदाज असेल तर ‘अंदाजे’ असं म्हणा.

मोडीतला मजकूर जाणकाराकडून वाचून घ्या. लिप्यंतर करताना मूळ शुद्धलेखन सुधारू नका. न लागलेल्या शब्दाच्या जागी कंसात प्रश्नचिन्ह ठेवा.

वहीसोबत एक पानी माहिती द्या: कोणी लिहिली, जन्म-मृत्यूचं साल, गाव आणि तालुका, काम, वही तुमच्याकडे कशी आली. त्याखाली नावांची यादी. तात्या, माई, आक्का, बापू ही घरची हाक आहे, ओळख नाही; प्रत्येकापुढे खरं नाव लिहा. बायकांचं माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव आणि सासरचं नाव अशी तिन्ही द्या, नाहीतर एकाच बाईच्या तीन बाया होतात. हे सांगू शकणारी आत्या किंवा काकू आज घरात असेल तर कागद घेऊन आजच बसा. वहीची दुरुस्ती नंतर होऊ शकते, हे नंतर होत नाही.

कुठे द्यायचं? इटलीतल्या पिएवे सान्तो स्तेफानो गावात १९८४पासून सामान्य माणसांच्या रोजनिश्यांचंच अभिलेखागार आहे. आपल्याकडे जागा शोधावी लागते. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, राज्याचं पुराभिलेख संचालनालय, गोव्याच्या वह्यांसाठी पणजीचं पुराभिलेख खातं, स्त्रियांच्या लेखनासाठी मुंबईची ‘स्पॅरो’, अशा ठिकाणी आधी पत्र लिहा. वह्या किती, कोणत्या सालांच्या, कोणत्या लिपीत आणि कशा अवस्थेत हे कळवा, पाच-सहा पानांचे फोटो जोडा. न विचारता पेटी नेऊन ठेवू नका. प्रत्येक संस्थेची संग्रहाची हद्द आणि जागा वेगळी असते.

आजारपण, वाटणीची भांडणं, सोयरिकी मोडल्याच्या हकिकती यांची पानं फाडायचा मोह होतो. फाडू नका. संस्थेशी बोलून अमुक वही अमुक वर्षांपर्यंत वाचकांना खुली करू नये अशी अट लेखी घाला. वही दान देताय की ठेव म्हणून, तेही लेखी हवं. वही आणि तिच्यातल्या मजकुराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मृत्युपत्राने अप्रकाशित हस्तलिखित ज्याला मिळतं त्याला, मृत्युपत्रात वेगळं म्हटलं नसेल तर, हा हक्कही मिळतो. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एक भाऊ वह्या देऊन आला आणि दुसऱ्याने हरकत घेतली तर पेटी वर्षानुवर्षं बंद पडून राहते. देताना वहीनिहाय यादीची पोच घ्या, तिच्यावरचा नोंद क्रमांक फोटोंच्या फोल्डरवर लिहा आणि भावंडांना कळवा.