सांगलीवरनं लंडन: अंतर किती, तास किती, हिशोब कसा लावायचा

पोरगं लंडनला निघालं की घरात पहिला प्रश्न, किती लांब आणि किती तास? मुंबई ते लंडन विमानाचं अंतर साधारण ७२०० किलोमीटर आहे, पण हे पृथ्वीच्या गोलावरनं मोजलेलं सगळ्यात जवळचं अंतर, त्यामुळं भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजत बसू नका, फसाल. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई-न्यूयॉर्क असा दोरा ताणून बघा, तो सरळ पश्चिमेला जातच नाही, वर रशिया-नॉर्वेकडनं फिरून जातो आणि तरी तोच रस्ता जवळचा.

आता तास. विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरून अंतराला ८५० नं भागायचं आणि वर चढाय-उतरायचा पाऊण तास धरायचा. लंडनचे सव्वानऊ येतात. प्रत्यक्षात जाताना दहाच्या आसपास लागतात कारण वरती पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोरात वारं वाहतं, ते जाताना तोंडावर असतं, येताना पाठीमागनं ढकलतं म्हणून परतीचा प्रवास लवकर होतो. शिवाय कुठल्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो, २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली तेव्हा दिल्लीवरनं युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना जास्त फटका बसला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तिकिटावरच्या वेळांचा. निघायची वेळ मुंबईची आणि पोचायची लंडनची असते. समजा डिसेंबरात दुपारी १:३० ला निघून संध्याकाळी ६:३० ला पोचतंय, तर लोक म्हणतात पाचच तास! तसं नाही, हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागं, म्हणून त्यात साडेपाच मिळवा, झाले साडेदहा. येताना उलटं, वजा करायचे. लंडनला रात्री ९ ला बसला आणि मुंबईत सकाळी ११:३० ला उतरला तर घड्याळात साडेचौदा, खरे नऊच. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढं करतात, तेव्हा फरक साडेचारचा. पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ असेल तर पोचायची तारीख दुसऱ्या दिवसाची, न्यायला येणाऱ्याला ते आधी सांगा.

आणि आपल्याला विमानाचे तास धरून भागत नाही. सांगली-मुंबई गाडीनं आठ तास तरी धरा, खंबाटकीला एखादा ट्रक आडवा झाला की ते पण गेले, एअरपोर्टला तीन तास आधी, लंडनला उतरून इमिग्रेशनची रांग. दारापासून दारापर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस जातो. कोल्हापूरवरनं मुंबईचं विमान वेळेत जुळत असेल तर बघा, फक्त तिकीट वेगळं काढलं तर बॅगा मुंबईत घेऊन परत चेक-इन करावं लागतं, तेवढा वेळ मध्ये सोडा.

मध्यरात्रीच्या विमानाला तारीख दोनदा बघा. १५ तारखेला रात्री २ चं विमान म्हणजे १४ तारखेला दुपारी बारा-एकलाच सांगली सोडायची. ड्रायव्हरला विमानाची वेळ सांगूच नका, १४ ला रात्री ११ ला एअरपोर्टला पोचायचंय एवढंच सांगा.