घरविम्याचा दावा रेंगाळू नये म्हणून

घराचे नुकसान झाल्यावर पहिली चूक होते ती आवराआवरीच्या घाईत. फुगलेले कपाट किंवा भिजलेली गादी बाहेर टाकण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढावीत, भिंतीवर पाणी चढल्याची रेघ मोजपट्टी धरून टिपावी आणि सर्वेक्षक (विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेली व्यक्ती) पाहून जाईपर्यंत खराब वस्तू शक्यतो जपून ठेवाव्यात. मात्र नुकसान आणखी वाढू न देणे ही सहसा विमाधारकाचीच जबाबदारी मानली जाते; त्यामुळे छतावर ताडपत्री घालण्यासारखी तात्पुरती कामे लगेच करून त्यांच्या पावत्या दाव्यास जोडाव्यात.

विमा कंपनीकडून दावा क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. खरा मनस्ताप पुढे होतो, कारण ‘फाइल वर पाठवली आहे’ या फोनवरच्या उत्तराला कागदावर काहीच किंमत नसते. म्हणून प्रत्येक संभाषणानंतर कोणाशी, केव्हा आणि काय बोलणे झाले, याचा ईमेल त्याच दिवशी पाठवावा. ‘अपुऱ्या कागदपत्रांची संपूर्ण यादी एकदाच कळवावी’ अशी लेखी मागणी केल्यास दर आठवड्याला नवा कागद मागण्याला बराच आळा बसतो.

मंजूर रक्कम कमी वाटल्यास घसारा (वस्तू जुनी झाल्यामुळे घटलेली किंमत) आणि इतर वजावटींचा तपशील मागावा, आणि वाद मिटण्याआधी ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर सही करू नये. लेखी स्मरणपत्रांनाही उत्तर न आल्यास कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे आणि त्यानंतर विमा नियामकाकडे किंवा विमा लोकपालाकडे, याच ईमेलच्या प्रती जोडून, तक्रार दाखल करावी.