आधी कथा, मग 'अरायव्हल'

विज्ञानकथालेखक टेड चँगचा 'स्टोरीज ऑफ युअर लाइफ अँड अदर्स' (२००२) हा कथासंग्रह घेतलात तर पहिल्या पानापासून सुरू करू नका. २०१६ चा 'अरायव्हल' हा सिनेमा जिच्यावर बेतला, ती 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' आधी वाचा. आई मुलीशी बोलते तिथली क्रियापदं पेन्सिलीनं अधोरेखित करा; कुठे भूतकाळ, कुठे भविष्यकाळ, यातच खरी मेख आहे. फर्माच्या तत्त्वाची आकृती गाळू नका बरं का! प्रकाश कमीत कमी वेळेची वाट धरतो, एवढं कळलं तरी पुरे.

मग सिनेमा. कथेत परग्रहवासी ज्यांतून माणसांशी बोलतात ते ११२ आरसे इथे त्यांची १२ यानं होतात, भौतिकशास्त्रज्ञ गॅरीचा इयन होतो. लष्करी ताणाताणी मला जरा जास्तच वाटते. परग्रहवासीयांच्या लिपीची शाईची वर्तुळं उमटतात ते प्रसंग मात्र थांबवून थांबवून बघा. उरलेल्या कथा सवडीनं.