एडिनबरात सिंथेटिक बायॉलॉजीच्या टीममध्ये येणाऱ्या मुलामुलींसाठी

पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून एडिनबराला शिकायला आलेली मुलं आयजेमच्या, म्हणजे सिंथेटिक बायॉलॉजीच्या (जिवाणूंचा डीएनए बदलून त्यांच्याकडून नवं काम करून घेण्याच्या शास्त्राच्या) जागतिक विद्यार्थी-स्पर्धेच्या टीममध्ये निवडली गेली की हमखास दोनच गोष्टी विचारतात: आधी काय वाचू, आणि लॅबमध्ये काय काय यायला हवं? प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरं पुढे देतेच. मी बरीच वर्षं या गावात राहते, विद्यापीठाच्या किंग्ज बिल्डिंग्ज कॅम्पसवर लॅबमध्ये नोकरी करते आणि उन्हाळ्यात अशा विद्यार्थ्यांना हाताखाली घेऊन शिकवते. आपली मुलं अभ्यासात कमी पडत नाहीत, हाताने तर मुळीच नाहीत. त्यांचं अडतं ते शंका वेळेवर न बोलल्यामुळे आणि फसलेलं काम न लिहिल्यामुळे. पहिल्याच आठवड्यात हे जमवलंत तर बाकीचं टीम शिकवते.

आयजेमची थोडी ओळख. २००३च्या जानेवारीत एमआयटीमध्ये एक छोटा कोर्स झाला, २००४ साली पाच टीमची उन्हाळी स्पर्धा झाली, आणि आता जगभरातून शेकडो टीम उतरतात. २०२२पासून अंतिम मेळावा पॅरिसला होतो, ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड ही पदकं दुसऱ्या टीमला हरवून मिळत नाहीत. त्या त्या पदकाचे निकष पूर्ण केलेल्या प्रत्येक टीमला ती मिळतात. त्यामुळे निकषांचं पान पहिल्या दिवशीच छापून भिंतीवर लावा. सप्टेंबरमध्ये ते पहिल्यांदा वाचणारी टीम धावपळीत सापडते.

आता नोंदवहीबद्दल, कारण आपल्याकडची सवय मोडायला सगळ्यात जड जाते ती इथेच. बीएस्सीला आपण प्रॅक्टिकलचं जर्नल लिहितो: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष, सगळं नीटनेटकं, आणि शेवटी मॅडमची सही. प्रयोगाचं उत्तर आधीच ठाऊक असतं, म्हणून आकडे थोडे 'बसवून' घेण्याची सवय नकळत लागते. इथे उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, तुमच्या सुपरवायझरलाही नाही. प्लेटवर एकही कॉलनी (जिवाणूंचा ठिपका) आली नाही, तर 'कॉलनी नाही' हीच त्या दिवसाची मिळकत. ती तारखेसह लिहा. कुठल्या तारखेचे कॉम्पिटंट सेल्स (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकतील अशा तयार केलेल्या पेशी), अँटिबायोटिकची कुठली बाटली, बर्फावर किती वेळ, प्लेट कोणी ओतली, तेही लिहा. आठवड्याने तिघांच्या प्लेट्स रिकाम्या निघाल्या की दोष कुणाच्या हातात नसून एकाच बाटलीत होता, हे त्या नोंदीतूनच कळतं. काम चालू असतानाच लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेलं सुंदर पान कामाचं नाही.

बोलण्याचंही तसंच. इथे प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात. सुरुवातीला जिभेवर येत नाही, पण 'सर' म्हटल्याने कुणाचा मान वाढत नाही, उलट ते अवघडतात. आठवड्याच्या मीटिंगमध्ये 'कळलं का?' या प्रश्नावर आपण मान हलवतो. ती मान इथे होकार म्हणूनच मोजली जाते आणि काम तुमच्या नावावर लिहिलं जातं. न कळलेलं तिथेच विचारा. सगळ्यांसमोर धीर होत नसेल, तर मीटिंग संपल्यावर ज्या पोस्टडॉकशी (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्याशी) किंवा पीएचडीवाल्या सीनियरशी पटतं त्याला गाठा. 'प्रायमर असा का काढला ते मला कळलं नाही, पाच मिनिटं बसशील का?' एवढं पुरतं. स्कॉटिश उच्चार कानाला जड गेले तर पुन्हा सांगायला सांगण्यात कुणाला राग येत नाही. चुकीच्या मिश्रणात एन्झाइम घालून बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

लॅबचं काम. सुरुवातीचे काही दिवस तुम्ही बहुधा ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) घालत बसाल, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन. कॉम्पिटंट सेल्स उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढून थेट बर्फात ठेवा, तळहातात धरून वितळवू नका. डीएनए घातल्यावर बोटाने हलकी टिचकी मारा, व्होर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) अजिबात नको. ४२ अंशांचा हीट शॉक ३० ते ४५ सेकंदांचा असतो. तुमच्या सेल्सचा प्रोटोकॉल सांगेल तेवढाच द्या, जास्त दिलात तर सेल्स मरतात. मग ३७ अंशांवर तासभर रिकव्हरी, म्हणजे सेल्सना सावरायला वेळ. प्लेटमध्ये अँपिसिलिन हे अँटिबायोटिक असेल तर हा तास थोडा आखडता घेतला तरी निभावतं. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा कॅनामायसिन असेल तर तो आखडू नका, कारण प्रतिकार देणारं प्रथिन पेशीत तयार व्हायला वेळ लागतो. प्रमाणं साधारण ठरलेली आहेत: मिलिलिटरला अँपिसिलिन १०० मायक्रोग्रॅम, कॅनामायसिन ५०, क्लोरॅम्फेनिकॉल २५. अँपिसिलिनच्या प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसली तर हुरळून त्या उचलू नका. मोठ्या कॉलनीने आजूबाजूचं अँपिसिलिन फोडून टाकलेलं असतं आणि प्लाझ्मिड नसलेले जिवाणू तिथे फुकट वाढतात.

दर वेळी दोन जादा प्लेट्स लावा: एकीत खात्रीचं प्लाझ्मिड, दुसरीत डीएनए अजिबात नाही. त्यांच्यावाचून रिकामी प्लेट काहीच सांगत नाही. प्लेटवर नाव झाकणावर घालू नका, तळाच्या बाजूला घाला. झाकणं अदलाबदल होतात.

मिनिप्रेपसाठीचं (जिवाणूंतून प्लाझ्मिड काढून घेण्यासाठीचं) कल्चर रात्री विरजण लावावं तसं संध्याकाळी लावून जायचं. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घड्याळ न पाहता लॅबमध्ये बसणं सहज होतं. ते टाळा. तीन आठवड्यांत थकलेला हात चुकीची टिप लावतो.

डीएनए मागवण्याबद्दल मी जरा आग्रहाने सांगते. पूर्वी टीमना बायोब्रिक पद्धतीने डीएनएचे तुकडे जोडावे लागत. टॉम नाइट यांनी २००३ साली मांडलेल्या त्या पद्धतीत इकोआरवन, एक्सबीएवन, स्पीवन आणि पीएसटीवन ही डीएनए कापणारी ठरलेली एन्झाइम वापरत. दोन तुकड्यांच्या मधे आठ अक्षरांचा व्रण उरायचा. आठ ही संख्या तीनने भागत नाही, (प्रथिनाचा एकेक अमिनो आम्ल ठरवणारा कोडॉन तीन अक्षरांचा असतो), वर त्या व्रणात थांब्याचा कोडॉनही येतो, त्यामुळे दोन प्रथिनं एकाला एक जोडायची म्हटली की खोळंबा व्हायचा. आता बहुतेक जण टाइप टू-एस एन्झाइमची जोडणी करतात, म्हणजे बीएसएवन वगैरे, आणि जीन कंपनीकडून बनवून घेतात. सोय झाली, पण वाट पाहणं आलं. मागणी देण्याआधी आपल्या क्रमात बीएसएवन कापेल अशी जागा आहे का ते शोधा. असेल तर अमिनो आम्ल तेच ठेवून कोडॉन बदला. एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत असेल किंवा जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण फार असेल तर कंपनी नकार देते, आणि तो नकार कळायलाही दिवस जातात. डीएनएची मागणी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गेली पाहिजे. जुलैअखेर ट्यूब हातात नसतील तर मोजमाप करायला वेळच उरत नाही.

सुरक्षेची कागदपत्रं कंटाळवाणी वाटतात, पण ती इथे कायद्याची बाब आहे. ब्रिटनमध्ये जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंवरचं काम २०१४च्या 'कंटेन्ड यूज' नियमांखाली येतं. धोक्याचं मूल्यमापन लिहून मंजूर झाल्याशिवाय ट्यूब उघडायची नाही, अगदी निरुपद्रवी के-१२ जातीचा ई. कोलाय असला तरी. ग्लोव्ह घातलेल्या हाताने दाराची मूठ धरू नका, फोन तर नाहीच. आयजेमचा स्वतःचा नियमही कडक आहे: बनवलेला जीव लॅबच्या बाहेर सोडायचा नाही.

या नियमाचा अर्थ समजायला एडिनबराच्याच २००६च्या टीमचं काम पाहा. त्यांनी विहिरीच्या पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा ई. कोलाय बनवला. आर्सेनिक आलं की जागा होणारा प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) त्यांनी लॅक्टोज पचवणाऱ्या जीनला जोडला. मग जिवाणू लॅक्टोजपासून आम्ल तयार करतो, पीएच उतरतो आणि निर्देशकाचा रंग बदलतो. महागडं यंत्र लागत नाही. नजर बांगलादेश आणि पश्चिम बंगालमधल्या विहिरींवर होती. आता विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशची ५०. सेन्सरने कुठल्या आकड्याला रंग बदलायचा? सेन्सरने धोक्याची ठरवलेली विहीर बंद केली तर त्या घरच्या बाईने पाणी कुठून आणायचं? जिवंत जिवाणूची कुपी गावात न्यायची परवानगी कोण देणार? आयजेममध्ये या कामाला ह्यूमन प्रॅक्टिसेस म्हणतात, आणि आपली मुलं त्याला दुय्यम समजून टाळतात. कृपा करून टाळू नका. टँकरची वाट पाहणारं गाव तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलं आहे. ती माहिती टीममध्ये दुसऱ्या कुणाकडे नसेल, ती मीटिंगमध्ये मांडा.

वाचायचं म्हणाल तर २००० सालच्या जानेवारीत 'नेचर'च्या एकाच अंकात आलेले दोन निबंध: एलोविट्झ आणि लाइब्लर यांचा रिप्रेसिलेटर, आणि गार्डनर, कँटर, कॉलिन्स यांचा टॉगल स्विच. त्यातली समीकरणं कागदावर स्वतः सोडवा. टीममधल्या मॉडेलिंगवाल्यांशी (प्रयोगाचं गणित मांडणाऱ्यांशी) बोलायला तेवढं पुरतं.

आता राहणं आणि पैसा. पदवीच्या मुलांचा हॉल्सचा (विद्यापीठाच्या वसतिगृहाचा) करार बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो, आणि ऑगस्टमध्ये फ्रिंज फेस्टिवलमुळे या शहरात खोलीचं भाडं आभाळाला भिडतं. टीमचं काम नेमकं त्याच महिन्यांत असतं. म्हणून निवड झाली की आधी खोली बघा. मार्चमाँट, न्यूइंग्टन, ब्लॅकफर्ड इथून किंग्ज बिल्डिंग्जला चालत जाता येतं, हे रात्री कल्चर बघायला जावं लागेल तेव्हा कळेल. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि घरमालकाने ते मान्यताप्राप्त योजनेत जमा करायला हवं. पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) माफ असतो, पण त्यासाठी अर्ज करा. वय २२च्या आत असेल तर यंग स्कॉटचं कार्ड काढा, स्कॉटलंडभर बस फुकट. जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, इथे आल्या आल्या नाव नोंदवा. औषधांच्या चिठ्ठीचे इथे पैसे लागत नाहीत.

एमएस्सीच्या मुलांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पदवीच्या मुलांना उन्हाळा सुट्टी असते. तुम्हाला नसते, कारण प्रबंधाचे महिने सत्राचाच भाग धरले जातात आणि आठवड्याला २० तासांची कामाची मर्यादा तेव्हाही लागू राहते. टीमकडून मानधन मिळणार असेल तर ते नोकरीत मोडतं का, हे विद्यापीठाच्या इमिग्रेशन सल्लागारांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सीनियरच्या तोंडी भरवशावर राहू नका. प्रबंध आणि आयजेम दोन्ही एकदम पेलणार का, हेही प्रामाणिकपणे ठरवा. प्रबंधाचा मार्गदर्शक राजी नसेल तर टीममध्ये हलकं काम मागून घ्या, त्यात कमीपणा नाही.

ऑक्टोबरमध्ये टीमची विकी, म्हणजे प्रकल्पाची वेबसाइट, गोठते, त्यानंतर एक अक्षर बदलता येत नाही. त्यात कोणी काय केलं याचं एक पान असतं, आणि ते भरणं सक्तीचं आहे. तिथे आपलं काम स्पष्ट शब्दांत लिहा: कुठलं प्लाझ्मिड बांधलं, कुठला आलेख काढला, कुणाच्या मुलाखती घेतल्या. 'लॅबमध्ये मदत केली' एवढ्यावर थांबू नका. पुढे पीएचडीच्या अर्जात तेच दाखवाल. दुसऱ्याने केलेलं मात्र एक ओळही आपल्या नावावर घेऊ नका.

आणि पॅरिस. तुमच्या ब्रिटिश सोबत्यांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे तिकिटांची चर्चा चालू असताना तो विषय कुणाच्या डोक्यात येत नाही. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि कधी ४५ही. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. ब्रिटनमध्ये राहण्याचा तुमचा परवाना परतीनंतर किमान तीन महिने चालू असला पाहिजे, म्हणून एमएस्सीवाल्यांनी आपली शेवटची तारीख आजच तपासावी. टीम लीडरला जुलैतच सांगा की मला आयजेमचं निमंत्रणपत्र आणि विद्यापीठाचं पत्र हवं आहे, आणि व्हिसाची फी टीमच्या अंदाजपत्रकात धरायला लावा.